टाके निघाले तरी मैना फिसकारतच होती: तीन मांजरांच्या घरातलं एक ऑपरेशन

एखाद्या मांजराचं ऑपरेशन झालं की जखमेची काळजी कशी घ्यायची हे दवाखान्यात नीट समजावून सांगतात. घरात आणखी मांजरं असतील तर त्यांचं काय करायचं, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही आणि आपल्यालाही विचारायचं सुचत नाही. ठिपकीच्या बाबतीत जखम ठरल्याप्रमाणे भरली. खरी मेहनत लागली ती तिला घरच्या मांजरांनी पुन्हा आपलं म्हणावं यासाठी. ते सगळं इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हे नीट झालं नाही तर पोटावरची जखम भरूनही मांजर सुखी होत नाही.

घरात तीन मांजरं. ठिपकी आणि मैना एकाच वेतातल्या बहिणी, जन्मापासून एकत्र, एकमेकींना चाटूनपुसून एकाच टोपलीत झोपणाऱ्या. तिसरा भोपळ्या, नावाला जागणारा वजनदार बोका, या दोघींनंतर घरात आलेला. त्याचं दोघींशी बेताचंच. भांडण नाही आणि लगटही नाही. तिघांचीही नसबंदी झालेली. ही नाती आधीच सांगून ठेवते, कारण ऑपरेशननंतर कोण कसं वागेल याचा यावरून जो अंदाज कुणीही बांधला असता, त्याच्या बरोबर उलट घडलं.

दोरा

ठिपकीचं खाणं सुटलं, उलट्या सुरू झाल्या आणि ती पोट आखडून एका कोपऱ्यात बसू लागली. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं आणि हनुवटीखालून अंगठ्याने हलकेच वर दाबलं. जीभ उचलली गेली आणि तिच्या मुळाशी एक बारीक पांढरी रेघ दिसली. शिवणाचा दोरा. त्याचा एक वेढा जिभेखाली अडकला होता आणि उरलेला दोरा पोटातून आतड्यात गेला होता. सोनोग्राफीत आतड्याला पडलेल्या चुण्या दिसल्या.

दोरा गिळलेलं मांजर किती गंभीर असू शकतं हे समजून घ्यायला हवं. आतडं आपल्या नेहमीच्या हालचालीने दोरा पुढे ढकलायला बघतं, पण एक टोक अडकलेलं असल्यामुळे दोरा सरकत नाही. मग आतडंच त्या दोऱ्यावर गोळा होत जातं आणि ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू शकतो. म्हणूनच तोंडात किंवा मागच्या बाजूने दोरा लोंबताना दिसला तरी तो कधीही ओढायचा नाही, तसंच दवाखाना गाठायचा. मुळात मांजरं दोरा गिळतात याला त्यांची जीभही कारणीभूत आहे. जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले काटे असतात, आपल्या नखांसारखेच केराटिनचे. त्यावर अडकलेली वस्तू बाहेर थुंकणं मांजराला फार अवघड जातं, ती आतच सरकत राहते. हेच काटे पुढे टाक्यांनाही धोक्याचे ठरतात.

ऑपरेशन लगेच झालं. आतडं उघडून दोरा काढला, आतडं शिवलं, पोट शिवलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "वरचे टाके तुम्हाला दिसतील, आतले दिसणार नाहीत. आतड्याचा टाका सुटला तर तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सुटतो. तोवर ती काय खाते, उलटी करते का, शी-शू कधी करते, सगळं बघत राहा. ताप, उलटी, मलूलपणा, पोटाला हात लावू न देणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका."

वेगळी खोली

तीन मांजरांच्या सामाईक ट्रेमध्ये शू कुणी केली आणि अर्धी बशी कुणी संपवली हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं 'बघत राहा' शक्य व्हायला ठिपकीला एकटीची जागा लागणार होती. वेगळ्या खोलीचं हे पहिलं कारण. बाकीच्यांपासून संरक्षण हे दुसरं. आणि तिसरं, मला सगळ्यात मोलाचं वाटणारं कारण म्हणजे दार हातात असलं की भेटीगाठी आपल्याला हव्या त्या वेगाने घडवता येतात.

खोली निवडताना एक गोष्ट मुद्दाम पाहिली. मैना किंवा भोपळ्या आपली समजत असतील अशी जागा घ्यायची नाही. उन्हाची खिडकी किंवा आवडतं कपाट आजारी मांजराला दिलं आणि बाकीच्यांच्या तोंडावर दार लावलं, तर दाराबाहेर राग साचत जातो. एरवी कुणी फिरकत नसलेली लहान खोली निवडली. चढता येईल असं सगळं सामान बाहेर काढलं, कारण पोटावर टाके असताना उडी नको. अंथरूण जमिनीवरच. ट्रेची एक कड बुटकी, म्हणजे पाय फार उचलावा लागत नाही, आणि त्यात मातीच्या दाण्यांऐवजी कागदाचे तुकडे, कारण बारीक माती जखमेला चिकटते. लपायला पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, पण त्याचं तोंड गळ्यातल्या कोनसकट (टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात घालतात तो शंकूसारखा पट्टा) आत जाता येईल इतकं रुंद कापून. अरुंद खोक्यात कोन अडकला की मांजर बिथरतं आणि मागे मागे सरत टाक्यांवर ताण देतं. बशीही एका पालथ्या वाटीवर उंच ठेवली, नाहीतर कोनची कड जमिनीला टेकते आणि तोंड अन्नापर्यंत पोचतच नाही.

उरलेल्या दोघांच्या ट्रे, बशा, झोपायच्या जागा यांतलं काहीही हलवलं नाही. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त हा नियम एरवीही पाळावा. अशा दिवसांत तर त्यात काटकसर करूच नये.

ठिपकी घरी आली तेव्हा बाहुल्या मोठ्या झालेल्या, मागचे पाय लटपटत होते. भुलेत वापरलं जाणारं केटामाइन मांजराच्या शरीरातून मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडावाटे बाहेर जातं आणि त्याला वेळ लागतो. काही मांजरं दिवसभर झोकांड्या खातात. तेव्हा अंधूक उजेड, उबदार पांघरूण आणि शांतता, एवढंच पुरे. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नये. भुलेत असलेल्या मांजराला चटका बसला तरी बाजूला होता येत नाही.

दाराजवळ कॅरिअर, म्हणजे मांजर ने-आण करायची जाळीची पेटी, खाली ठेवला आणि मैना नेहमीसारखी शेपटी उभारून पुढे आली. जाळीला नाक लावलं. मान ताठ झाली, पाठीवरचे केस उभे राहिले, आणि ती फिसकारून कॅरिअरवर पंजा मारून मागे सरली. भोपळ्या मागून आला, लांबून वास घेतला, जवळ आला आणि जाळीतून ठिपकीचं अंग चाटायचा प्रयत्न करू लागला.

मैनाचं वागणं हा मत्सर नव्हता आणि दुष्टपणा तर अजिबात नव्हता. मांजरं एकमेकांना चेहऱ्यापेक्षा वासावरून जास्त ओळखतात. एकत्र राहणारी मांजरं गालाला गाल घासून, अंग चाटून सगळ्यांचा मिळून एक सामाईक वास तयार करतात आणि तो वास ज्याच्या अंगाला, तो आपला. ठिपकी दवाखान्यातून आली ती स्पिरिट, जंतुनाशक, परकी जनावरं आणि स्वतःची भीती यांचा वास घेऊन. मैनाच्या दृष्टीने बहिणीच्या रूपात कुणी परकंच घरात शिरलं होतं. हे इतकं नेहमी घडतं की प्राण्यांच्या वर्तनाच्या शास्त्रात त्याची वेगळी नोंद आहे: ओळख न पटल्यामुळे होणारी आक्रमकता. सख्ख्या, जिवलग जोडीतही ती होते.

भोपळ्याचा धोका वेगळा होता आणि तो सहज नजरेतून सुटला असता. प्रेमाने चाटणारं मांजरही टाके उसवू शकतं. ठिपकीच्या गळ्यात कोन घालून तिची जीभ आपण अडवतो, पण भोपळ्याच्या जिभेला कोण अडवणार? त्यामुळे जी भांडते तिला बाहेर ठेवायचं आणि जो लाड करतो त्याला आत सोडायचं, असं करता येत नव्हतं. दार दोघांनाही बंद.

वेदना, भूक आणि दाराखालची फट

वेदनाशामक म्हणून ब्युप्रेनॉर्फिन दिलं होतं. ते गालाच्या आत सोडायचं असतं, अन्नात मिसळायचं नसतं, कारण तोंडाच्या आतल्या त्वचेतून ते रक्तात जातं; मांजराची लाळ अल्कधर्मी असल्याने ते तिथे चांगलं शोषलं जातं. पोटात गेलं तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. या औषधाने बाहुल्या मोठ्या दिसतात आणि काही मांजरं एकदम लाडात येतात, पांघरूण तुडवतात, डोकं घासतात. ते बघून मांजर ठणठणीत झालं असं समजून मोकळं सोडू नये.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. माणसाचं वेदनाशामक मांजराला कधीही द्यायचं नाही. पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. त्यातून रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. जखमेवरही घरातलं काही लावायचं नाही. फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात. जखम रोज फक्त बघायची. लाली वाढतेय का, सूज, पाणी, वास, टाक्यांच्या कडा उघडताहेत का. रोज त्याच उजेडात फोटो काढला की फरक लगेच कळतो.

मग आतड्याचा टाका सुटण्याच्या भीतीच्या त्याच दिवसांत एका संध्याकाळी ठिपकीने बशीकडे पाठ फिरवली. २०१९ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आहे. कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण द्यायचे. १० पैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाची गरज आहे असं समजायचं. ती डोळ्यापुढे ठेवून पाहिलं. कान बाहेरच्या बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेलेले, डोळे अर्धे मिटलेले, नाकाभोवतीचा भाग ताणलेला, मिशा ताठ आणि पुढे, डोकं खांद्यांच्या खाली. गुण चाराच्या वर जात होते. हिरड्या गुलाबी होत्या आणि ताप नव्हता (मांजराचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं), तरी तिला लगेच दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत पोटात पाणी साचलेलं दिसलं नाही, आतडं शाबूत होतं. डॉक्टरांनी वेदनाशामकाची मात्रा बदलली आणि मळमळीवर इंजेक्शन दिलं.

घरी परतल्यावर मात्र मी तिच्याशेजारी जमिनीवर आडवी झाले, तिला दिसतं ते आपल्यालाही दिसावं म्हणून. तिथून दाराखालची फट दिसत होती आणि फटीपलीकडे मैनाचे पुढचे दोन पंजे. हलत नव्हते. मैना दाराला तोंड लावून बसली होती आणि ठिपकीची बशी बरोबर त्या फटीसमोर होती. मांजरांच्या जगात टक लावून रोखून बसणं ही उघड धमकी असते. त्यासाठी अंगाला हात लावावा लागत नाही. टॉवेलची गुंडाळी करून फट बुजवली आणि बशी खोक्याच्या आडोशाला हलवली. रात्री तिने थोडं खाल्लं, सकाळी बशी चाटून पुसली. औषधाने किती काम केलं आणि टॉवेलने किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण आजारी मांजर खात नसेल तर औषधाबरोबरच बाहेर कोण बसलंय हेही बघावं असं माझं ठाम मत झालं आहे.

भुकेबद्दल इतकी धास्ती का? मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. अंगाने भरलेल्या मांजरांना हा धोका अधिक. अन्न कोमट करून दिलं की वास उठतो आणि मांजराचं खाणं वासावरच चालतं. थोडं थोडं, अनेकदा. जबरदस्तीने तोंडात कोंबलं तर त्या अन्नाचीच शिसारी बसते, आणि कडू औषध अन्नात लपवलं तरी तेच होतं.

वास परत आणणं

बरेच जण या टप्प्यावर आजारी मांजराचा वास फडक्यावर घेऊन बाहेरच्यांना देतात. मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी घराचा वास ठिपकीकडे नेला. बहिणींच्या टोपलीतली जुनी, मुद्दाम न धुतलेली चादर तिच्या खोक्यात घातली. भोपळ्याच्या आणि मैनाच्या गालांवरून, हनुवटीवरून फिरवलेली फडकी तिच्या अंथरुणाजवळ ठेवली. तिच्या अंगाचा दवाखान्याचा वास जरा विरला, मगच तिचं फडकं बाहेर गेलं. तेही मैनाच्या नाकाला लावलं नाही, तिच्या बशीपासून लांब ठेवलं. पहिल्यांदा मैना फडक्यावर फिसकारली. काही दिवसांनी ती त्याच्या शेजारी बसून जेवत होती. त्यानंतरच बशा बंद दाराच्या दोन बाजूंना आल्या, त्याही हळूहळू जवळ.

पुढचा टप्पा जाळीचा, म्हणजे बंद दाराऐवजी मध्ये फक्त जाळी. इथे कोन काढून ठिपकीला अंगाला घट्ट बसणारा कापडी सूट घातला, डॉक्टरांना विचारून. एकटी असताना कोनच बरा, कारण सूट मांजर चावून सैल करू शकतं. पण दुसऱ्या मांजराला भेटताना कोन अडचणीचा ठरतो. त्याने चेहरा, कान, मिशा झाकल्या जातात, आणि मांजरं एकमेकांचा मनसुबा त्यांवरूनच वाचतात. शिवाय सुटामुळे भोपळ्याच्या जिभेपासून टाके झाकले गेले. पहिल्या भेटीही भोपळ्याशीच ठेवल्या, कारण त्याच्या मनात काही नव्हतं. तो चाटायला लागला की नुसती खाऊची डबी वाजवायची, तो उठून यायचा. भेटी लहान, आणि सगळं ठीक चाललेलं असतानाच संपवलेल्या.

मैनाच्या बाबतीत मी फिसकारण्याला घाबरले नाही. फिसकारणं म्हणजे 'लांब राहा' असं सांगणं. सांगून ती निघून जात असेल तर चाललंय ते ठीकच. काळजी करायची ती आवाज न करता केलेल्या गोष्टींची: न हलणारी नजर, ताठरलेलं अंग, आपटणारी शेपटी, वाट अडवून बसणं. असं दिसलं की भेट बंद आणि एक पायरी मागे. दोघी झुंजायच्या बेतात असतील तर मध्ये हात घालू नये, मोठा पुठ्ठा किंवा उशी सरकवावी. फिसकारणाऱ्या मांजराला रागावू नये, आणि 'भांडू दे, आपोआप जमतील' हा सल्ला तर मुळीच ऐकू नये. मांजरांत झालेली एक मोठी झुंज पुढे महिनोन्महिने निस्तरावी लागू शकते. मांजरं गाल घासून जो ओळखीचा गंध सोडतात तशा गंधाचा, म्हणजे फेरोमोनचा, वास पसरवणारा डिफ्युझरही लावला होता. जोडीला असू द्यावा, पण त्याच्या भरवशावर दार उघडू नये.

वरचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. ते निघाले तेव्हा जाळीच्या दोन बाजूंना दोघी शांतपणे जेवत होत्या, आणि तरी दवाखान्यातून परत आल्याबरोबर मैना पुन्हा पहिल्यासारखी फिसकारली. वास नव्याने आला होता. ठिपकी परत खोलीत गेली, जुन्या चादरीवर.

घरात मात्र सगळ्यांना घाई झाली होती. आई म्हणाली, "अगं, टाके निघाले ना? आता सोड की तिला. किती दिवस कोंडून ठेवणार बिचारीला?"

"ती बरी झालीये गं आई. पण मैनाला अजून ती ठिपकी वाटत नाहीये."

आईने त्यानंतर स्वतःच दोघींच्या बशा दाराशी नेऊन ठेवायचं काम हातात घेतलं. या वेळी वास लवकर विरला, कारण सवय आधीच लागलेली होती. पुन्हा फडकी, पुन्हा दार, पुन्हा जाळी, फक्त भराभर. मोकळं सोडायचा निर्णय टाक्यांवरून घेतला नाही, मैनावरून घेतला. ती ठिपकीकडे बघून डोळे सावकाश मिटायला लागली, नाकाला नाक लावून तशीच शेपटी उभी ठेवून पुढे गेली, आणि मग एके दिवशी जाता जाता तिने ठिपकीच्या कुशीला गाल घासला. मोकळं सोडल्यावरही सुरुवातीच्या रात्री आणि घरात कुणी नसताना ठिपकी खोलीतच राहिली.

आता तिघं एका खोलीत वावरतात, जेवतात. दोन्ही बहिणी एका टोपलीत मात्र अजून झोपत नाहीत. शेजारशेजारच्या दोन टोपल्यांत झोपतात आणि ते पुरेसं आहे.

मैनाचे दोन दात काढायचे आहेत, म्हणजे या वेळी दवाखान्याचा वास तिच्या अंगाला असणार. खोली आधीच रिकामी केली आहे. कॅरिअर बैठकीच्या खोलीत उघडा ठेवला आहे, तिघंही त्यात जाऊन बसतात, त्यामुळे त्याला घराचा वास लागला आहे. न धुतलेली चादर काढून ठेवली आहे, ती तिच्याबरोबर दवाखान्यात जाईल. डॉक्टरांना विचारून घेतलं: नंतरची तपासणी फोटो पाठवून होईल का, वेदनाशामक किती दिवसांचं देणार, रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. ज्यांच्या मांजराचं पोटाचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी आणखी एक विचारावं: त्वचेखालून आपोआप विरघळणारे टाके घालता येतील का? जमत असेल तर टाके काढायची फेरी वाचते, आणि बाकीच्या मांजरांच्या नाकाला पुन्हा तोच वास लागत नाही. आणि दाराखालची फट या वेळी आधीच बुजवली आहे.